सातची वेळ

मेढ्यात पावसाळी सकाळी वेण्णेकाठचं धुकं निवांत निवळत असतं, पण फोनवर कधीचं उजाडलेलं असतं. फुलांच्या चित्रांवर शुभ सकाळ, त्याखाली भावकीच्या ग्रुपवर कुणाच्या तरी निधनाची बातमी, तिच्याखाली पुन्हा फुलं. अंगठा मात्र सगळ्यांवरून एकाच वेगाने सरकतो. मला यातलं हेच सर्वांत जास्त खुपतं. दुःखाच्या बातमीपाशीसुद्धा आपण क्षणभर थांबत नाही.

फोन नको, असं आमच्या जावळी तालुक्यात कुणी म्हणू शकणार नाही. इथल्या किती घरांतलं माणूस मुंबईला आहे, नवी मुंबईच्या बाजारात माथाडी आहे. आजीला नातवाचा चेहरा त्या काचेतच दिसतो. याच तालुक्यातल्या बायांनी मतदान करून बाटली आडवी केली आणि दारूची दुकानं बंद पाडली. फोनचं तसं करता येत नाही, कारण त्यात आपलं माणूस आहे. त्यामुळे फोनला आवर घालण्याचं काम त्याहून नाजूक आहे.

त्याची एक वाट सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव या गावाने काढली. करोनात शाळा मोबाइलवर आली आणि शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातून मोबाइल सुटेना. १४ ऑगस्ट २०२२ रोजी गावातल्या बायांची सभा भरली आणि ठराव झाला. रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायचा, घरोघरचे मोबाइल आणि टीव्ही बंद व्हायचे. साडेआठला दुसरा भोंगा. मधला दीड तास अभ्यासाचा, वाचनाचा, घरातल्यांशी बोलण्याचा. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक सुरुवातीला दारोदार फिरून समजावत होते.

आपण एकेकटे निश्चय करतो आणि तो दुपारपर्यंतही टिकत नाही. शेजारी खिदळत रील बघत असताना दहावीतल्या पोराने एकट्याने फोन बाजूला ठेवायचा, हा त्याच्यावर अन्याय आहे. सगळ्या आळीतच पडदे विझले की त्याचं काही बुडत नाही. वडगावने संयमाचं ओझं एकट्याच्या खांद्यावरून उतरवून गावात वाटून घेतलं, याचं मला फार मोल वाटतं.

मोबाइलपायी मोठ्यांचंही भान सुटतं. वडगावच्या ठरावानंतर पुढच्याच महिन्यात, त्याच सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावात चार साधूंना मुलं पळवणारे समजून बेदम मारहाण झाली. पंढरपूरला निघालेली माणसं, रस्ता विचारत होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरत होत्या. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात तर १ जुलै २०१८ ला अशाच संशयावरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणायला घेतली. आता हातोहात फार फिरलेल्या संदेशावर दोन बाणांची खूण दिसते आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ती खूण दिसली की मी फोन खाली ठेवते. पाठवणाऱ्याला विचारते, हे तुला कुणी सांगितलं? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘आलं होतं म्हणून टाकलं.’

भोंग्याचा दीड तास मुलांसाठी असेल, पण आपल्यासारख्या मोठ्यांना हे विचारण्याएवढी उसंत त्याहून जास्त हवी आहे.

मेढ्यात वडगावचीच वेळ चालेल असं नाही. इथे कामावरून सुटलेल्या मुंबईकराचा फोन संध्याकाळीच येतो आणि तो चुकवायचा नाही. मग पहाटे उठल्यापासून मुलं शाळेला निघेपर्यंतचा वेळ धरता येईल, किंवा ताटं मांडल्यापासून उचलेपर्यंतचा. आळीतल्या बायांनी एकदा बसून ते ठरवावं. भोंगा नसला तरी चालेल, शेजारणीने शेजारणीला हाक मारली तरी पुरे.