कळलावी

ब्रह्मपुरीच्या भोवतालच्या झुडपी जंगलात पावसाळा सरत आला की कळलावी फुलते. पानाच्या टोकाला फुटलेल्या तणाव्याने ती कुंपणावर, बोरीबाभळींवर चढते आणि तिची तांबडी-पिवळी फुले दुरूनही जाळासारखी दिसतात. संस्कृतात तिला लांगली म्हणतात, आणि गर्भपातिनी हेही तिचेच एक नाव आहे. मराठी नाव तितकेच स्पष्ट आहे. कळ लावणारी ती कळलावी. अडलेल्या बाळंतिणीला तिचा कंद उगाळून लावण्याची चाल पूर्वी पुष्कळ ठिकाणी होती. या कंदात कोल्चिसीन नावाचे जहाल द्रव्य असते आणि तो पोटात गेला तर माणूस दगावू शकतो. ज्या कोणी हे नाव ठेवले त्याला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. परंतु जे ठाऊक होते ते त्याने लपवले नाही. नावातच सांगून ठेवले.

या नावाचा विचार करताना मला नेहमी वाटते की, झाडपाला निरुपद्रवी असतो ही समजूत जंगलातल्या माणसाची नाही. बिबा उततो हे आपल्या झाडीपट्टीतल्या लहान पोरालाही माहीत असते. धोतरा, रुई, गुंज यांच्याशी तो जपूनच वागतो. ‘नैसर्गिक आहे, त्याने अपाय होत नाही’ हे वाक्य बाजारातल्या पुडीवर आणि डबीवर जन्माला आले. तेथे झाड दिसत नाही, त्याचे नाव कळत नाही, आणि ते कोणी, कोणत्या ऋतूत, किती घेतले याचा पत्ता नसतो. जंगलाची ओळख जिथे संपते तिथे जंगलाविषयीचा हा भाबडा विश्वास सुरू होतो.

मला येथे जो प्रश्न मांडायचा आहे तो औषधिशास्त्राचा नाही. तो नीतीचा आहे. घरात सून गरोदर राहते. दुसरा महिना असतो. कोणीतरी मायेने एक काढा करून देते, कोणी पुडी आणून देते, कोणी दुकानातली गोळी. देणाऱ्याच्या मनात भल्याखेरीज काही नसते. पुढे काही बिघडले तर ‘आम्ही चांगल्यासाठीच दिले होते’ एवढे उत्तर पुरेसे आहे काय? आपण हेतूवरून माणसाला तोलतो, आणि ते बव्हंशी योग्यच आहे. पण हेतू मनात राहतो आणि औषध पोटात जाते. ज्या पोटात ते जाते ते देणाऱ्याचे नसते.

गर्भाच्या दृष्टीने हे पहिले महिने सर्वांत नाजूक. हृदय, मेंदू, हातपाय यांची मुख्य घडण पहिल्या दोन-अडीच महिन्यांत होते. म्हणजे पुष्कळदा घरात बातमी नीट पसरण्यापूर्वीच. याच काळात बाईच्या अंगावरून पांढरे पाणी जाण्याचे प्रमाण वाढते. पातळ, दुधासारखे, दुर्गंधी नसलेले पाणी जाणे हे त्या अवस्थेत स्वाभाविक आहे. त्याला औषधच नको. उलट त्याचा रंग पिवळा-हिरवा झाला, वास येऊ लागला, दह्याच्या कवड्यांसारखे जाऊन खाज सुटली, तर बहुधा जंतुसंसर्ग असतो आणि तो तपासून बरा करता येतो. लाल किंवा तपकिरी डाग दिसला, ओटीपोटात कळ आली, ताप चढला, तर वाट पाहू नये. एका बाजूला तीव्र दुखून घेरी आली तर गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत राहिलेला असू शकतो. तेथे एकेक तास मोलाचा असतो. या सर्व अवस्थांना आपल्याकडे एकच नाव आहे, ‘अंगावर जाते’. आणि पुष्कळदा एकच उपाय असतो, शेजारणीने सांगितलेला. नाव एक पडले की वेगवेगळी दुखणी एका काढ्यात घालणे सोपे जाते.

हे बोलले का जात नाही? वैनगंगेपलीकडच्या गडचिरोली जिल्ह्यात, जो 1982 पर्यंत आपल्याच चांदा जिल्ह्याचा भाग होता, डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. शंभरातील ब्याण्णव स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही आढळले, आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात आठच होत्या. या सर्व काही गरोदर नव्हत्या. परंतु त्या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजेच आपल्या समाजातील मौनाची लांबीरुंदी आहे, असे मी समजतो. जे सांगता येत नाही ते तपासले जात नाही, आणि जे तपासले जात नाही त्यावर मुकाट्याने पाला वाटला जातो.

आता देणाऱ्याच्या अनुभवाचे पाहू. ‘माझ्या हातून शंभर जणींना गुण आला’ असे वैदू सांगतो आणि तो खोटे बोलत नसतो. लक्षात आलेल्या गर्भांपैकी शंभरात साधारण पंच्याऐंशी काही न देताही टिकतात. म्हणजे गर्भ टिकवण्याचे औषध म्हणून त्याने नदीची वाळू दिली असती तरी पंच्याऐंशी घरांतून त्याला नारळ आला असता. उरलेल्या पंधरांपैकी सुमारे निम्मे गर्भ मुळातल्या गुणसूत्रांच्या दोषामुळे गळतात. तेथे ना औषधाचा दोष ना बाईचा. पण आपल्या घरांत हिशेब वेगळाच होतो. गर्भ टिकला तर यश पुडीचे. गळला तर दोष तिचा, ती विहिरीवर गेली, तिने पपई खाल्ली, तिचे पाऊल वाकडे पडले. ज्या हिशेबात पुडी कधीच हरत नाही तो हिशेब अनुभव या नावाला पात्र नाही.

मुलगा होण्याच्या औषधात तर हा खेळ उघडाच दिसतो. लिंग गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेले असते. दुसऱ्या महिन्यात दिलेली पुडी ते बदलू शकत नाही. तरी निम्म्या घरांत ती खरी ठरणार! आणि ती निव्वळ निरर्थक असती तरी एक वेळ चालले असते. हरियाणात अशी औषधे घेतलेल्या मातांचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या बाळांत जन्मजात व्यंगाचा संभव सुमारे तिप्पट आढळला. म्हणजे जे मूल मुलगा व्हावे म्हणून औषध दिले, ते मूल मुलगा असो की मुलगी, त्याच्याच अंगावर त्या इच्छेची किंमत पडते. एका पिढीच्या हौसेचे देणे दुसरीने फेडावे असा हा व्यवहार आहे आणि दुसऱ्या पिढीची सही तर घेतलेलीच नसते.

नावांची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक नाव सांगतो. 2011 आणि 2012 या काळात न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे सापडले. बहुतेक जणी जन्माने भारतीय होत्या आणि सर्वजणींनी भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधे घेतली होती. त्यांत एक ‘गर्भपाल रस’ होता. या रसाच्या कृतीत हिंगूळ आणि नागभस्म येते. म्हणजे पारा आणि शिसे. लोक त्यालाही सरसकट झाडपाल्याचे औषध म्हणतात. शिसे वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. कळलावी आपल्या नावात धोका सांगते. गर्भपाल आपल्या नावात अभय देतो. ज्या नावाने भय वाटते ते नाव आईला वाचवते, आणि ज्याने धीर येतो ते तिला सावध होऊ देत नाही.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, डॉक्टरांच्या औषधांनी काय कमी अनर्थ केले? थॅलिडोमाइड हे 1957 साली जर्मनीत आलेले, कारखान्यात बनलेले, सुशिक्षितांनी लिहून दिलेले औषध होते. 1961 च्या अखेरीस ते मागे घेईपर्यंत दहा हजारांहून अधिक बाळे व्यंग घेऊन जन्मली. हे खरे आहे. पण त्याच काळात अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या बाईंनी ते औषध विक्रीस येऊ दिले नाही. त्यांच्याजवळ ते गर्भाला घातक असल्याचा पुरावा नव्हता. ते सुरक्षित असल्याचा पुरावा दाखवा, एवढेच त्या पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या. तेव्हा भेद झाडपाला आणि कारखाना असा नाही. विचारलेले औषध आणि न विचारलेले औषध असा आहे. आयुर्वेदानेही गर्भिणीची परिचर्या वेगळी मांडली आणि तीव्र औषधे तिला वर्ज्य मानली. 1945 च्या औषध नियमांतील विषारी द्रव्यांच्या यादीत लांगली, गुंज, धोतरा, हिंगूळ आहेत, आणि त्यांपासून केलेल्या पोटात घेण्याच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. बाजारात कागदात बांधून मिळणाऱ्या पुडीवर मात्र काहीच छापलेले नसते.

दुसरा आक्षेप गरिबीचा. दवाखाना दूर, वाट जंगलाची, वाघाचे भय, मजुरी बुडते. मग बाईने करावे काय? हा आक्षेप मी मान्य करतो, पण तो पुडीच्या बाजूचा पुरावा नाही. तो रस्त्याच्या, वाहनाच्या आणि आशाताईच्या बाजूचा पुरावा आहे. जवळ दुसरे काही नाही म्हणून हातातले सुरक्षित ठरत नाही. पुष्कळदा काही न देणे हाच त्या वेळचा उत्तम उपचार असतो. पण नुसते जवळ बसून राहणे आपल्याला प्रेम वाटत नाही, काहीतरी पाजणे हेच प्रेम वाटते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, देण्याचा अधिकार मायेतून येत नाही, तो जाणण्यातून येतो. यात काय आहे, हे आधी गरोदर बाईंना दिलेले कोणी तपासले आहे काय, आणि न दिल्यास काय बिघडेल, एवढे तीन प्रश्न ज्याला विचारायचे नाहीत त्याने हात आखडता घ्यावा. आणि चौथी गोष्ट या तिहींहून मोठी आहे: जिला द्यायचे तिला ‘नको’ म्हणता आले पाहिजे. नाही म्हणण्याची सोय नसलेल्या घरात होकाराला अर्थ नसतो.

अडचण तेथेच आहे. सासूने पुढे केलेली वाटी बाजूला ठेवून ‘आत्याबाई, यात काय घातले आहे?’ असे विचारणाऱ्या सुनेला आपण काय म्हणतो? कळलावी म्हणतो. घरात कळ लावणारी! शब्द तोच, पण येथे तो तिचे तोंड बंद करण्यासाठी वापरलेला असतो. ज्यांनी वेलीला हे नाव दिले त्यांनी सावधपणाचा सन्मान केला. आपण सुनेला तेच नाव देऊन सावधपणाला शिक्षा करतो. उद्या कुणाच्या घरात असा प्रश्न निघाला तर वाटी पुढे करणाऱ्या वडीलधाऱ्या बाईने रागावू नये. तिला तिच्या काळी हा प्रश्न विचारता आला नव्हता. आज तो आपल्या घरात विचारला गेला, यात तिचाही थोडा मोकळेपणा आहे. मग वाटी तशीच झाकून ठेवावी आणि दोघींनी मिळून दवाखान्याची वाट धरावी.