शूळाचं टोक

आदिपर्वातले मांडव्य ऋषी मौनात होते. पाठलाग चुकवत चोर त्यांच्या आश्रमात शिरले आणि ऐवजासकट लपले. राजाच्या शिपायांनी विचारलं, चोर कुठे गेले? ऋषी गप्प. झडतीत चोरही सापडले, मालही. बोलत नाही म्हणजे हाही सामीलच, असं ठरलं. राजानं सगळ्यांना शूळावर चढवलं. ऋषी मेले नाहीत. राजानं पुढे क्षमा मागितली, पण शूळ अंगातून निघेना. बाहेरून कापला, टोक आत राहिलं. म्हणून ते अणीमांडव्य.

एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर मी फौजदार म्हणून निवृत्त झालो. ही कथा मी शिपायांच्या बाजूनं वाचतो, आणि त्यांचं चुकलं कुठे हे मला चटकन सांगता येत नाही. संशयाला जागा होती.

१९९२ साली रात्रगस्तीवर मीही एकाला उचलला. दुकान फुटलं होतं, शेजारच्या ओट्यावर हा सतरा-अठराचा पोरगा बोचकं घेऊन बसलेला. नाव विचारलं, गाव विचारलं. तोंडातून शब्द नाही. सकाळी मामा धावत आला. पोरगा तोतरा, अनोळखी माणसापुढे जीभच उचलत नसे. बोचक्यात कपडे होते. पहाटेच्या एसटीसाठी तो तिथे बसला होता. मी लगेच सोडला. ज्या हॉटेलात तो कामाला होता, त्या मालकानं मात्र त्याला पुन्हा उभा केला नाही. पोलिसांनी नेलेला पोरगा, एवढंच कारण.

२०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, गरज का आहे ते लिहा. हात बांधले, असं माझे सोबती म्हणतात. मला ते पटत नाही. पण मी उचललेला पोरगा त्या निकालानंही वाचला नसता, कारण रात्री घरफोडी करून चोरी करण्याला तेव्हा चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होती. वॉरंटाशिवाय अटकेचा अधिकार मला होताच. तो वापरायलाच हवा होता का, हा प्रश्न कायद्याच्या आधीचा आहे.

मांडव्यांनी शिपायांना शाप दिला नाही, राजालाही नाही. दिला तो यमधर्माला, लहानपणीच्या क्षुल्लक चुकीला एवढी मोठी शिक्षा दिली म्हणून. शिक्षा ठरवणाऱ्या धर्मालाही जाब विचारता येतो, हे मला या कथेत सर्वांत मोठं वाटतं.

तो पोरगा सातवी शिकलेला होता. नाव-गाव लिहून देऊ शकला असता. नव्यानं फौजदार झालेल्या पोरांनो, समोरचा बोलत नसेल तर आधी कागद-पेन्सिल पुढे करा.