प्रवाहाचा वाटा

सियालदह स्थानकातून सुटणारी लालगोल्याची गाडी राणाघाट, कृष्णनगर, प्लासी ही स्थानके मागे टाकीत बहरामपूरला पोहोचते. तेथे भागीरथीच्या पात्रात बहुधा दरसाल, नदी भरलेली असताना, एक जलतरणस्पर्धा होते. जंगीपूरजवळच्या आहिरण घाटापासून बहरामपूरच्या गोराबाजार घाटापर्यंतचे हे अंतर ८१ किलोमीटर आहे. अग्रेसर जलतरणपटू ते दहा-बारा तासांत कापतात. म्हणजे तासाला सुमारे सात-आठ किलोमीटर. स्थिर पाण्यात हा वेग इतका वेळ टिकविणे मानवी बाहूंना शक्य नाही. उरलेला वेग भागीरथीचा असतो.

मग घाटावर प्रथम येणाऱ्याचे जे यश, ते नेमके कोणाचे?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. या पाचांतून कर्त्यालाच वेगळा काढून सर्व श्रेय त्याच्या पदरी घालणारा मनुष्य यथार्थ पाहत नाही, असा तेथील अभिप्राय आहे. यावर कोणी म्हणेल, प्रवाह तर सर्व स्पर्धकांना सारखाच. तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्यातील अंतर तरी ज्याचे त्याचेच मानावे. आक्षेप पोकळ नाही. जलपर्णीही त्याच प्रवाहाने बहरामपूरपर्यंत वाहत येते. पण घाट दिसताच धार तोडून काठाला लागणे तिला साधत नाही. दैवाच्या नावावर हातपाय सोडून बसणाऱ्याला या तत्त्वाचा आधार मिळत नाही, तो याचमुळे.

परंतु दैव नेहमी समान वाटले जाते असेही नाही. हवाई बेटांत व ऑस्ट्रेलियात फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटांवर स्वार होण्याच्या व्यावसायिक स्पर्धा दरवर्षी भरतात. प्रत्येक फेरीला वेळ ठरलेला असतो. परीक्षक एकेका लाटेला दहापैकी गुण देतात आणि उत्तम अशा दोन लाटांचे गुण धरतात. एखाद्याच्या वाट्याला त्या वेळात चांगली लाट येतच नाही. तो हरतो आणि त्याच्या कौशल्यात तिळमात्र उणे नसते.

कलकत्त्याच्या आरती साहा यांना हा अनुभव इंग्लिश खाडीत आला. २७ ऑगस्ट १९५९ रोजी त्या फ्रान्सच्या किनाऱ्यावरून निघाल्या. मार्गदर्शक नाव उशिरा आल्याने अनुकूल वेळ टळली होती. इंग्लंडचा किनारा थोड्याच मैलांवर राहिला असता उलटा प्रवाह लागला आणि तासन्‌तास झुंजूनही त्यांना माघार घ्यावी लागली. त्यानंतर त्यांनी पुन्हा उडी घेतली. येथे खरा प्रश्न उभा राहतो. ज्या फळावर आपला अधिकार नाही, त्यासाठी पुन्हा पाण्यात उतरणे ही फलासक्ती नव्हे काय?

असे मानले, तर नापास झालेल्या मुलाला पुन्हा परीक्षेस बसविणारा पिता आणि एक पीक बुडाल्यावर दुसरे पेरणारा शेतकरी हेही आसक्त ठरतील. मग घरात धर्माचरण करण्यास जागाच उरणार नाही. किनारा हे कर्माचे उद्दिष्ट आहे. उद्दिष्टावाचून कोणी पोहूच शकत नाही. आसक्ती निराळी. किनारा न मिळाल्यास ती नावाड्याला शिव्या देते, मिळाल्यास समुद्राचा वाटा विसरते. घरोघरी ती ओळखू येते: मुलाचा पहिला क्रमांक आला की शेजाऱ्यांत मिरवतो आणि हुकला की मास्तरांवर खापर फोडतो, तो पिता तिच्याच आहारी गेलेला असतो.

२९ सप्टेंबरला आरती साहा १६ तास २० मिनिटे पोहून इंग्लंडच्या किनाऱ्याला लागल्या. खाडी पार करणाऱ्या त्या आशियातील पहिल्या महिला. वय अवघे १९. दोन्ही दिवशी कर्ता तोच होता, बाहू तेच होते. मधल्या ३३ दिवसांत त्यांनी सराव सोडला नव्हता.