सात नद्या आणि एक ओढा
भूमिपूजनाला गुरुजी कलशात गंगेपासून कावेरीपर्यंत सात नद्यांना बोलावतात. (आमची मुठा त्यात नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.) पुण्यात साइट सुपरवायझर म्हणून अशी कितीतरी पूजनं पाहिली. पेढे वाटले, आणि पहिल्या स्लॅबच्या संध्याकाळी मिक्सर धुतला तो मागच्या ओढ्यावर. "तिकडंच सोडा," असं मीच सांगितलं होतं.

सिमेंटच्या धुवणाचा सामू 12 च्या आसपास, शुद्ध पाण्याचा 7. फरक पाचाचा दिसतो, पण इथली प्रत्येक पायरी दहापटीची, म्हणजे लाखपट. माशांचे कल्ले भाजतात. हा ओढा मुठेला जातो, पुढे मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, आणि तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. आषाढीला मी तिथं डुबकी मारतो.

वाटेतल्या उजनी धरणाच्या एवढ्या साठ्यात माझं पिंपभर धुवण कधीच विरलं असणार. मग पाप उरतं का? बरीच वर्षं मी 'नाही' म्हणून सुटत होतो. पण पाप मोजायचं कुठे, चंद्रभागेच्या वाळवंटात की ओढ्यावर? ओढ्यातल्या खेकड्याला कुठलं पंढरपूर? त्याची अख्खी नदी तेवढीच.

आता आधी खड्डा खणतो, जाड ताडपत्री अंथरतो. मिक्सर तिथंच धुवायचा. निवळलेलं पाणी पुढच्या धुण्याला, घट्ट झालेला गाळ फोडून राडारोड्याच्या गाडीत.

परवा गुरुजींनी विचारलं, "हे कुंड कशाला?"

म्हटलं, "मिक्सरच्या आंघोळीला."