पेल्यातला बर्फ आणि प्रभाकर

‘हे कर’ असं सांगितलं की माणूस हलतो कशाच्या जोरावर? या एका प्रश्नावर मीमांसकांनी, म्हणजे वेदातल्या विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांनी, शतकानुशतकं वाद घातला. कुमारिल भट्टांचं म्हणणं सरळ होतं: पदरात काही पडणार असल्याशिवाय कुणी बोटही हलवत नाही, म्हणून वेदाच्या आज्ञेमागेही फळ असलंच पाहिजे. प्रभाकरांना ते मान्य नव्हतं. ‘हे करायचं आहे’ एवढं उमगलं की पुरे. लालूच दाखवावी लागली तर ती आज्ञा कसली, तो सौदा. कॉलेजात मी हा वाद शिकवत असे तेव्हा मुलं झाडून कुमारिलांच्या बाजूची. परीक्षेला न येणारं पान ती उलटत नसत, त्यामुळे पुरावा समोरच बसलेला असायचा.

निवृत्तीनंतर भाच्यानं मला ‘डिस्क्वायट जुंटो’त ओढलं. मार्क वायडनबाउम या अमेरिकन लेखकानं २०१२ च्या जानेवारीत हा उद्योग सुरू केला. दर गुरुवारी तो एक सूचना देतो, ठिकठिकाणचे लोक त्याबरहुकूम ध्वनिरचना करतात आणि सोमवारी रात्री बाराच्या आत सगळ्यांसमोर ठेवतात. पहिली सूचना अशी: पेल्यात बर्फ घाला, तो आवाज टिपा, त्यातून काहीतरी घडवा. पुढे सूचनांची संख्या ६०० च्या वर गेली, पण नव्या वर्षाचा आरंभ त्याच बर्फानं करायचा हा रिवाज झाला. बक्षीस नाही, निवड नाही, मानधन नाही.

सूचनेनं बांधून घेण्याचं मीमांसेतलं नेहमीचं उदाहरण भाताचं. भाताचं तूस नखांनीही सोलता येतं. तरी विधी सांगतो, कांडूनच काढा. हा नियमविधी. तूस निघणं हे दिसणारं फळ कुठल्याही रीतीनं मिळालं असतं. कांडण्यातून जे अदृष्ट, म्हणजे न दिसणारं फळ, निपजतं ते मात्र नखांनी सोलून निपजत नाही. वर्गात हे सांगताना मला स्वतःलाच ते थोडं ओढूनताणून वाटायचं. मग मी बर्फ टिपायला बसले. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडक्या लावलेल्या, तरी शेजारच्या कुकरची शिट्टी आत आलीच (ती मी राहू दिली). मला सगळी मुभा असती तर मी तंबोऱ्याभोवतीच घुटमळले असते. आयुष्यभर कानाला तेवढंच वळण. बर्फानं ती वाट बंद केली. पाणी ओतताच खडा तडकतो तेव्हा एक कोरडी टकटक होते, मागोमाग आत अडकलेली हवा सुटल्याची बारीक चुरचुर. ती चुरचुर आठपट संथ केली, तशी ती तीन सप्तकं खाली उतरली आणि तिच्यातून एक घोगरा, खरखरीत स्वर निघाला. आपण होऊन मी त्याच्या शोधात कधीच गेले नसते. अदृष्टाचं एवढं स्वच्छ उदाहरण मला कुठल्या भाष्यात सापडलेलं नाही.

“अगं, पण याचं पुढे होतं काय?” दादानं विचारलं. तो बँकेत होता.

“काही नाही.”

“मग करतेस कशाला?”

“गुरुवार आला म्हणून.”

कुमारिल एवढ्यावर सोडणार नाहीत, ठाऊक आहे. चार अनोळखी माणसं ऐकतात, दोन ओळी लिहितात, ते गोड लागतं. हेच तुझं फळ, असं ते म्हणतील. गोड लागतं, खरंच. पण फळ मागून येणं निराळं आणि त्याच्यासाठी हात उचलला जाणं निराळं. कुणी एक अक्षर लिहिलं नाही, त्या आठवड्यानंतरचा गुरुवारही मला तितकाच बांधून घेतो. अडचण खरी तर प्रभाकरांची आहे. त्यांचा वेद अपौरुषेय. आज्ञा देणारा कुणी नाहीच, म्हणून त्याची मर्जी राखण्याचा प्रश्न येत नाही. इथे सूचना देणारा हाडामांसाचा माणूस. पण तो निवाडा करायला बसत नाही, आणि निवाडा नसला की आज्ञा देणाऱ्याचा चेहरा आपोआप पुसट होतो. माझं एवढ्यावर भागतं.

याला जुन्या कर्मकांडात जोड शोधायची तर ती सत्राची. नेहमीच्या यज्ञात यजमान एक, ऋत्विज म्हणजे पुरोहित त्यानं दक्षिणा देऊन बोलावलेले. सत्रात १७ ते २४ जण बसत आणि सगळेच यजमान, सगळेच ऋत्विज. देणारा-घेणारा वेगळा नाही, म्हणून दक्षिणाही नाही. आणि मीमांसासूत्रांचे कर्ते जैमिनी, त्यांचा निर्णय असा की फळाची वाटणी होत नाही, प्रत्येकाला ते पुरतं मिळतं. एकाच बर्फावर शंभर जणांनी शंभर रचना केल्या तर माझी शंभरांश होत नाही. स्पर्धेत वाढलेल्या माझ्या भाच्याला हे पटायला वेळ लागला.

फक्त त्या सत्रात मला जागा नव्हती. जैमिनींनी बाईला यज्ञाचा अधिकार दिला, पण नवऱ्याच्या जोडीनं. ऋत्विजाच्या आसनावर ती बसत नव्हती. ज्या शास्त्रावर माझी नोकरी झाली त्याचा हा नियम मी वर्गात कोरड्या आवाजात सांगत आले. जुंटोत अधिकाराचं प्रकरणच नाही. आवाज टिपता आला आणि सोमवारची वेळ पाळली, एवढं बास.