ओळख आणि क्षमा

लहान गावात कोणालाही अनोळखी राहता येत नाही, ही तक्रार जुनी आहे. समुद्रकाठच्या गावात ती अधिकच जाणवते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात घरे, माडांच्या बागा, देवळे, बाजार. वेंगुर्ले हे अशा गावांचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणता येईल. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली. पुढे मुंबईच्या आगबोटी या बंदराला लागत. त्या बंद झाल्या, आणि १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे आतल्या बाजूने, कुडाळ-सावंतवाडीकडून गेली. गावाचे जे महाद्वार होते, ते परसदार झाले. राहिलेली माणसे मग एकमेकांना अधिकच ओळखू लागली.

या ओळखीचे नैतिक मूल्य काय, हा खरा प्रश्न आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये ग्लाउकॉन एका मेंढपाळाची कथा सांगतो. त्याला अदृश्य करणारी अंगठी सापडते आणि तिच्या बळावर तो राजाला मारून राज्य बळकावतो. अशी अंगठी बोटात असताना न्यायाने कोण वागेल, असा ग्लाउकॉनचा सवाल आहे. मुंबईला गेलेल्या चाकरमान्याला ते महानगर ही अंगठी जणू आपसूकच देते. वेंगुर्ल्यात ती कोणाच्याच बोटात नसते. मग तेथील सद्वर्तन हा सद्गुण की केवळ लोकलज्जा?

लोकलज्जेला सर्वस्वी हीन लेखता येणार नाही, हे रापणीकडे पाहिले असता ध्यानात येते. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेक हातांनी ओढायची, अशी ही सामुदायिक मासेमारी. मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. दोर कोणी ओढला आणि कोणी नुसताच धरला, हे शेजारच्या माणसाला दिसते. येथे ओळख म्हणजे पहारा नव्हे; श्रमाची ती साक्ष आहे. पर्ससीन जाळ्यांच्या स्पर्धेत रापण मागे पडत चालली आहे, ही हानी म्हणूनच केवळ आर्थिक नाही.

परंतु हे चित्र येथेच पुरे करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या उदात्तीकरणावर जे कठोर प्रहार केले, त्यांतून बंदराचे गावही सुटत नाही. ज्याची ओळख जन्माआधीच ठरलेली असते, त्याला गावाचा आधार कसला? दलिताला, विधवेला, रूढ चाकोरीबाहेर जगू पाहणाऱ्याला शहरातील निनावीपण हीच मुक्ती वाटली, आणि ती योग्यच होती. त्यांच्या दृष्टीने ती अंगठी पापाचे साधन नव्हती. माणूस म्हणून रस्त्यावरून चालण्याचा तो परवाना होता.

तेव्हा ओळख चांगली की वाईट, हा प्रश्नच अपुरा ठरतो. ओळखणारा त्या ओळखीचे काय करतो, हे पाहावे लागते. शहर माणसाची चूक विसरते. किंबहुना ती त्याने नोंदलेलीच नसते. त्यामुळे शहराला क्षमा करण्याचा प्रसंगच येत नाही. क्षमा तोच करू शकतो ज्याला सारे आठवते. बुडवलेले कर्ज, मोडलेला शब्द, देवळाच्या सभेतील भांडण वेंगुर्ल्यासारख्या गावाच्या स्मरणात पिढ्यान्‌पिढ्या राहते. या स्मरणातून टोपणनाव जन्मते, तसेच क्वचित औदार्यही जन्मते. जवळच्याच आरवलीची माणसे जयवंत दळवींनी ‘सारे प्रवासी घडीचे’मध्ये चितारली. त्या माणसांचे सारे दोष ठाऊक असूनही त्यांच्याविषयीची ममता आटत नाही, हे त्या लेखनाचे नैतिक सामर्थ्य आहे.

लहान गावाची कसोटी येथेच लागते. काल चुकलेल्या माणसाला आज वेगळे होण्याची मुभा गाव देते काय? ज्याच्यावर जन्माने शिक्का मारला, त्याचा शिक्का पुसण्याची जबाबदारी ते स्वतःवर घेते काय? येथे क्षमा करण्याचा नव्हे, तर क्षमा मागण्याचा भार गावावर येतो. ज्या गावाला सारे आठवते, त्याला स्वतःचा अन्याय विसरण्याची सवलत घेता येत नाही.