भाताची गिरण आणि हातसडीचा विचार

गगनबावड्याकडून उतरणारा घाटरस्ता जेथे मुंबई–गोवा महामार्गाला मिळतो, ते कणकवली तालुक्यातील तळेरे भातखाऊ मुलखात येत असल्यामुळे तेथील गिरणीचा विचार पिठापुरता करून भागत नाही. घाटावर गिरणीने मुख्यतः जाते हटवले. तळकोकणात मात्र जात्याबरोबर भात भरडून तूस काढण्याचे घिरट आणि भरडलेला तांदूळ सडण्याचे व्हायन, म्हणजे जमिनीत बसवलेले उखळ, ही साधनेही मागे पडली. दळप-कांडप बायकांच्याच वाट्याचे असल्याने गिरणीचा पहिला अर्थ त्यांच्या खांद्यांना मिळालेली सुटका हाच होता.

खेडोपाडी पसरलेला एंगलबर्ग पद्धतीचा हलर तूस आणि कोंडा एकाच घर्षणात काढतो: दातेरी लोखंडी रूळ छिद्रांच्या जाळीत फिरतो, दाणे एकमेकांवर घासतात, तांदूळ पांढरा होतो, पण कणीही बरीच पडते. या पांढरेपणाकडे संशयाने पाहण्याचे कारण जावा बेटावरून आले. तेथे 1890 च्या दशकात क्रिस्तियान आइकमान यांना सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांत बेरीबेरीसारखा, म्हणजे मज्जातंतू लुळे पाडणारा, विकार आढळला आणि कोंड्याने तो बरा होतो असे दिसले. पुढे कोंड्यातील तो घटक ब-1 जीवनसत्त्व म्हणून ओळखला गेला. कोकणच्या उकड्या तांदळाची गोष्ट थोडी निराळी, कारण भात उकडताना हे जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते आणि दाणाही टणक होतो, त्यामुळे गिरणीत त्याचे नुकसान कमी होते. सरसकट गिरणीला दोष देणाऱ्यांनी या जुन्या रीतीची दखल क्वचितच घेतली.

1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हातसडीच्या, म्हणजे गिरणीऐवजी हाताने सडलेल्या, तांदळासाठी केलेल्या प्रचारात गांधीजींनी आरोग्य आणि रोजगार हे दोन्ही मुद्दे एकत्र गुंफले. स्वातंत्र्यानंतर द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1955 मध्ये हातसडीला संरक्षण देण्याचा पक्ष घेतला आणि 1958 च्या कायद्याने भातगिरण्यांना परवान्याचे बंधन आले. तो कायदा 1997 मध्ये रद्द झाला. या साऱ्या मांडणीत मजुरीवर भात सडणाऱ्या कांडपिणीची मिळकत हिशेबात आली, ते योग्यच होते. परंतु घरातल्या घरात, बिनमजुरीने मुसळ उचलणाऱ्या सुनेचे श्रम मात्र परंपरेच्या गुणांत जमा झाले. गिरणीचे भाडे देण्यास घरोघरच्या बायका राजी का होत्या, याचे उत्तर तिथे शोधावे लागते.

आज पाकिटातून चढ्या भावाने विकला जाणारा हातसडीचा तांदूळ बहुधा रबरी रुळांच्या यंत्रातून आलेला असतो. त्यात तूस तेवढे निघते आणि कोंडा दाण्यावर राहतो, म्हणजे आरोग्यवाद्यांची मागणी पुरी होते आणि मुसळही कोणाला उचलावे लागत नाही, मात्र कांडपिणीची मजुरी परत आलेली नाही.